सांतोरिनीची टोपलीवेल कशी वळवावी

एजियन समुद्रातील सांतोरिनी बेटावर पिर्गोससारख्या गावांभोवती द्राक्षवेलींना मांडव नसतो. वेल जमिनीलगत टोपलीसारखी वळवतात आणि तिला ‘कुलूरा’ म्हणतात. हे काम हिवाळ्यात, डोळे फुटण्यापूर्वी करावे. कमकुवत काड्या छाटून आदल्या हंगामातील मोजक्या सशक्त काड्या लांब ठेवाव्यात आणि एकमेकींत गुंफत गोलाकार बसवाव्यात. काडी एका झटक्यात वाकवली तर मोडते, म्हणून ती बोटांनी थोडी थोडी नमवत न्यावी. घाईचा हात इथे मुळीच चालत नाही. दरवर्षीचा वेढा आधीच्या वेढ्यावर चढतो आणि असिर्तिको जातीचे घड टोपलीच्या आत, पानांच्या सावलीत, जोरदार वाऱ्यापासून व प्रखर उन्हापासून सुरक्षित राहतात. उन्हाळा जवळजवळ कोरडा जात असल्याने दोन वेलींमध्ये भरपूर अंतर ठेवावे. अनेक दशकांनी टोपली थकून फळ घटले, की ती कापून टाकावी आणि जुन्या मुळावरून येणाऱ्या फुटव्यावर नवी टोपली सुरू करावी. बेटाच्या ज्वालामुखीय जमिनीत चिकणमाती फारच कमी असल्याने मुळांना मारणारी फिलोक्सेरा ही कीड तिथे टिकत नाही, म्हणूनच मुळे इतकी दीर्घायुषी होतात.