बेळगावात बारमाही सायकल चालवताना

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि सह्याद्रीचा माथा पश्चिमेला हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे इथले ऋतू सायकलस्वाराला जितके मानवतात तितकीच त्याची परीक्षाही पाहतात. उन्हाळा अथणी-रायबागइतका तापत नाही आणि थंडीही सोसवते. पण जून ते सप्टेंबर पडणारा पाऊस आणि त्याच्या जोडीने येणारा पश्चिमेचा वारा यांना जो तयारीशिवाय सामोरा जातो, त्याची सायकल दसऱ्यापर्यंत ओसरीतच उभी राहते. कामाला, कॉलेजला किंवा बाजाराला रोज सायकलने जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, ती म्हणजे वेग ब्रेकवर ठरवावा, आणि ब्रेक प्रत्येक ऋतूत वेगळा लागतो.

म्हणून वर्षाची सुरुवात मृगापासून धरावी. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. त्याआधीच्या आठवड्यात सायकल दुकानात न्यावी किंवा घरी उलटी करून दोन्ही ब्रेक तपासावेत. सळईचे ब्रेक असलेल्या जुन्या २८ इंची सायकलींची रिम क्रोमचा मुलामा दिलेल्या लोखंडाची असते, आणि ती ओली झाली की रबर तिच्यावर धरतच नाही. थांबायला कोरड्या रस्त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक अंतर लागते. अॅल्युमिनियमची रिम बरीच बरी, आणि डिस्क ब्रेक पावसात सर्वांत भरवशाचे. पण नवी सायकल घेणे प्रत्येकाला शक्य नसते, आणि जुनीवरही सावधपणे पावसाळा काढता येतो. ब्रेकचे रबर बोटाने चाचपून पाहावे. आपल्याकडच्या जांभ्या मातीचा लाल चिखल रिमवर बसतो, त्यातले बारीक खडे रबरात रुततात आणि ब्रेक दाबला की करकर आवाज येऊ लागतो. असा आवाज आला की त्याच दिवशी सुईने किंवा जाड टाचणीने ते खडे काढून टाकावेत, अन्यथा महिनाभरात रबर तर झिजतेच, शिवाय रिमवरही चरे पडतात. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर ते बदलावे. हा खर्च टाळण्याजोगा नाही.

भर पावसात ब्रेक एकदम आवळू नयेत. वळण किंवा चौक दिसताच बराच आधी दोन्ही ब्रेक हलके दाबून ठेवावेत, म्हणजे चाकाच्या पहिल्या काही फेऱ्यांत रिमवरचे पाणी पुसले जाते आणि त्यानंतर दाब वाढवला की पकड मिळते. वळणावर असताना ब्रेक लावण्यापेक्षा वळणाआधीच वेग कमी करावा. कपिलेश्वर उड्डाणपुलासारख्या उतारावर तर सुरुवातीपासूनच सायकल हातात ठेवावी, कारण उताराच्या तळाशी पोहोचल्यावर ओला ब्रेक ऐनवेळी साथ देत नाही. टायरमधली हवाही नेहमीपेक्षा थोडी कमी, साधारण दहा टक्क्यांनी, ठेवल्यास रबर रस्त्याला अधिक टेकते.

ओल्या रस्त्यावर सगळीकडे सारखी घसरण नसते. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, ड्रेनेजची लोखंडी झाकणे आणि कॅम्पातल्या जुन्या झाडांखाली साचलेला पालापाचोळा या तीन ठिकाणी सायकल सरळ ठेवावी, पॅडल थांबवावे आणि ब्रेकला हात लावू नये. टिळकवाडीतल्या रेल्वे गेटांवर रूळ नेहमी काटकोनात ओलांडावेत. तिरके गेल्यास पुढचे चाक रुळाशेजारच्या खाचेत अडकते आणि माणूस थेट डोक्यावर पडतो. मागून वाहनांची रांग लागली असेल आणि काटकोन साधत नसेल, तर खाली उतरून सायकल हाताने न्यावी. हॉर्न वाजवणाऱ्यांची घाई आपल्या हाडांपेक्षा महत्त्वाची नाही.

पुनर्वसू आणि पुष्य, म्हणजे आपले तरणा आणि म्हातारा, या जुलैच्या नक्षत्रांत पाऊस दिवसच्या दिवस थांबत नाही. बळ्ळारी नाल्याच्या बाजूला आणि शहराच्या सखल गल्ल्यांत पाणी तुंबते तेव्हा त्यात सायकल घालू नये. पाण्याखाली उघडे गटार आहे की खड्डा, हे वरून कळत नाही, आणि विजेच्या खांबाजवळचे पाणी तर जिवावर बेतू शकते. लांबचा रस्ता घ्यावा.

कपड्यांच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. एका हातात छत्री धरून सायकल चालवणे पूर्णपणे बंद करावे, कारण एक ब्रेक हातातून जातो आणि पुलावरचा आडवा वारा छत्रीसकट माणसाला रस्त्याच्या मध्ये ढकलतो. घोळदार रेनकोटात वारा भरतो आणि त्याचे टोक साखळीत जाते. त्यापेक्षा शर्ट आणि पँट असा दोन भागांचा, पाठीला हवा जाण्यास फट असलेला रेनकोट घ्यावा, आणि तो पिवळा किंवा नारिंगी असावा. काळा, निळा रेनकोट पावसाच्या धुरकट उजेडात बसचालकाला दिसतच नाही. पँटचा उजवा पाय क्लिपने किंवा रबराने बांधावा. पायात रबरी सँडल बरे, कारण ओले सुती मोजे घालून दिवसभर बसले की बोटांत चिखल्या होतात. पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा भर दुपारीही चालू ठेवावा. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे राहील असे सरळ बसवावे आणि हनुवटीखालचा पट्टा घट्ट लावावा.

घरी आल्यावर साखळी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे मोजके थेंब सोडावेत आणि वरचे जादा तेल पुन्हा पुसून घ्यावे. गाडीचे जळके ऑइल लावण्याची सवय अनेकांना आहे, परंतु त्यात चिखल चिकटून साखळी लवकर झिजते. शिलाई मशीनचे तेल फार पातळ असल्याने एका सरीत धुऊन जाते. पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये दोन्ही चाकांचे हब आणि पॅडलचा एक्सल उघडून जुने ग्रीस काढून नवे भरून घ्यावे.

थंडीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पहाटे निघणाऱ्याने कानटोपी, हातमोजे आणि छातीला वारा अडवणारे जर्किन घालावे, आणि पहिला थोडा रस्ता सावकाश कापावा, म्हणजे गुडघे धरत नाहीत. खरा धोका हवेचा नाही, उसाचा आहे. गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी, चिकोडी, हुक्केरी या बाजूंच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात, आणि बहुतेकांना मागे दिवा नसतो. ट्रॅक्टर वळतो तेव्हा मागची ट्रॉली पुढच्यापेक्षा आतून वळते. ट्रॅक्टर सुटला म्हणून जो सायकलस्वार वळणाच्या आतल्या बाजूला निर्धास्त राहतो, तो नेमका दुसऱ्या ट्रॉलीखाली सापडतो. म्हणून चौकात ट्रॉलीच्या शेजारी कधीही थांबू नये, मागेच राहावे, आणि तेही दोन सायकलींइतके अंतर सोडून, कारण वरचा ऊस सुटून पडतो. धुके असेल तर उजाडेपर्यंत थांबलेले चांगले.

मार्च ते मे या काळात शक्य असेल तर सकाळी अकराच्या आत आणि दुपारी चारनंतर बाहेर पडावे. तहान लागायची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. घाम फार गेला असेल तर नुसत्या पाण्याऐवजी ताक किंवा मीठ घातलेले कोकम सरबत घ्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरगुती मिश्रणही उत्तम काम करते. चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी वाटल्यास लगेच सावलीत थांबावे. बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

एप्रिल-मेमधल्या दुपारी आभाळ पूर्वेकडून काळे झाले की वळीव येणार हे आपल्या लोकांना वेगळे सांगावे लागत नाही. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली नव्हे, पक्क्या इमारतीत आसरा घ्यावा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. वळवाच्या पहिल्या सरीत घाई करणे दुसऱ्या कारणानेही धोक्याचे असते: उन्हाळाभर डांबरावर साचलेले तेल, धूळ आणि टायरची भुकटी पाण्यावर तरंगते आणि त्या पहिल्या काही मिनिटांत रस्ता भर जुलैपेक्षाही निसरडा असतो. जुन्या पी. बी. (पुणे-बेंगळुरू) रोडसारख्या अवजड वाहनांच्या रस्त्यावर हा तेलकट थर विशेष जाड असतो, तेव्हा तो धुऊन वाहून जाईपर्यंत तिथे सायकल घालू नये.