ॲप म्हणतं अकराशे! बॉक्सिंगच्या कॅलरी मोजताना या चुका टाळा

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका पत्र्याच्या हॉलमध्ये आमची संध्याकाळची बॅच चालते. मी तिथं पोरांचे ठोसे झेलायला हातात पॅड धरतो, टायमर लावतो आणि नव्या पोरांना हाताला बँडेज गुंडाळायला शिकवतो. सरळ जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा ठोसा, यायला पोरांना तीन महिने लागतात. "सर, आज किती जळल्या?" हे मात्र पहिल्याच दिवशी येतं. उत्तर देऊन देऊन तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

हॉलमध्ये होता तेवढा वेळ मोजणे

ही सगळ्या चुकांची आई. मागच्या पावसाळ्यात इंजिनिअरिंगचा एक पोरगा यायला लागला. वजन 70 किलो. मोबाईलच्या ॲपमध्ये 'बॉक्सिंग' निवडायचा, वेळ सव्वा तास टाकायचा आणि आकडा यायचा 1,120. गडी खूश. तीन आठवड्यांनी तोंड पाडून आला. "सर, वजन दीड किलो वाढलं. काटा बिघडलाय बहुतेक."

काटा ठणठणीत होता. अकराशे जळल्या म्हणून साहेब घरी जाताना राजवाड्याच्या चौपाटीवर पावभाजी हाणत होते आणि वर चार कंदी पेढे. कमावलेलंच खातोय, अशी समजूत.

दुसऱ्या दिवशी मी स्टूल घेऊन कोपऱ्यात बसलो आणि वहीत त्याचा अख्खा सव्वा तास लिहिला. बँडेज बांधायला 8 मिनिटं, कारण एक हात बांधून झाला की फोन वाजायचा. दोरीवरच्या उड्यांचे 3 राउंड, शॅडोचे (समोर कुणी नसताना हवेत ठोसे) 3, बॅगचे (टांगलेल्या जड पिशवीवर ठोसे) 6. राउंड 3 मिनिटांचा, म्हणजे खरं काम झालं 36 मिनिटं. प्रत्येक राउंडनंतर मिनिटभर विश्रांती, ती 12 मिनिटं. उरलेली 27 मिनिटं बँडेज, अंग मोकळं करणं, पाण्याची बाटली आणि आरशासमोर दंड बघणं.

आता हिशेब. या कामात 'मेट' नावाचं माप वापरतात. गप्प बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे 1 मेट, ढोबळमानानं दर किलो वजनामागं तासाला 1 कॅलरी. संशोधक जो तक्ता वापरतात त्याच्या 2011 च्या आवृत्तीत रिंगमधली बॉक्सिंग 12.8 मेट, स्पारिंग (जोडीदाराबरोबर सरावाची लढत) 7.8 आणि बॅग मारणं फक्त 5.5 आहे. ॲपनं याला 12.8 लावलं होतं, तेही पूर्ण सव्वा तासाला. बँडेज बांधतानासुद्धा हा रिंगमध्ये लढतोय!

मी असं लावलं: हळू उड्यांना 8.8, बॅगला 5.5, शॅडोलाही तेवढेच, राउंडमधल्या विश्रांतीला 3 (छाती अजून भात्यासारखी चालू असते म्हणून) आणि बाकी वेळेला 2. यातले शेवटचे दोन आकडे माझ्या अंदाजाचे. उड्यांच्या साधारण 92, शॅडोच्या 58, बॅगच्या 115, विश्रांतीच्या 42, इतर वेळेच्या 63. बेरीज 370. त्यातून तो घरी सोफ्यावर बसला असता तरी जळल्या असत्या त्या 87 वजा करा. हातात राहिल्या पावणेतीनशे-तीनशे. पळताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागं साधारण 1 कॅलरी धरतात, म्हणजे हे झालं चार किलोमीटर पळण्याएवढं. आमच्या गावात दरवर्षी हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढणारे लोक हा आकडा ऐकून हसतात, ते हसू देत.

वही बघून पोरगा म्हणाला, "एवढ्याच?" हो बाबा, एवढ्याच. आणि तुझे चार पेढे त्यात मावत असतील, पण पावभाजी मावत नाही.

माझी सवय सांगतो. मी मिनिटं लिहीतच नाही, राउंड लिहितो. आज बॅग 6, पॅड 4, स्पारिंग 2. कॅलरी काढायच्याच असतील तर राउंडवरून काढा. आणि राउंड म्हणजे तीन मिनिटं हात चालू असलेला राउंड, बॅगला मिठी मारून उभं राहिलेला नव्हे.

मनगटावरच्या घड्याळावर विश्वास

इथं मी स्वतः फसलोय. पगारातून पैसे साठवून मीही एक घड्याळ घेतलं होतं. पहिल्या आठवड्यात बॅगचा सहावा राउंड संपला, जीभ बाहेर आली होती आणि घड्याळ ठोके दाखवतंय 94. दोन दिवसांनी एका बारक्या पोराला पॅड धरून उभा होतो, घामसुद्धा नव्हता, तर 171. मला वाटलं हृदयाचं काहीतरी झालं. गुपचूप खाली बसलो, मानेवर दोन बोटं ठेवून मोजले तर शंभरच्या आतबाहेर.

कारण साधं आहे. ही घड्याळं त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची ये-जा बघतात. आपण मूठ आवळतो, मनगट बँडेजनं करकचून बांधतो, वर ग्लोव्हचा पट्टा. रक्तप्रवाह दबतो आणि घड्याळ सरकतं. वर प्रत्येक ठोशाचा हादरा बसतो, मग घड्याळ कधी ठोशांची लयच ठोके म्हणून मोजतं. ज्या आकड्यावरून ते कॅलरी काढणार तोच आकडा खोटा.

एका मित्राचा छातीचा पट्टा मागून आणला. तो हृदयाचे विद्युत संकेत पकडतो, त्यामुळं ठोके बरेच सुधारले. पण कॅलरी तरी फुगलेल्याच. कारण ठोके आणि कॅलरी यांचं नातं पायांच्या संथ, सलग कामावर बऱ्यापैकी जमतं. तेवढाच प्राणवायू खर्च होत असताना हातांच्या कामात ठोके जास्त वाढतात. मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली नुसतं उभं राहिलं तरी वाढतात. पहिल्या स्पारिंगच्या आधी तर कोपऱ्यात उभ्या पोराचे ठोके बघा, अजून एक ठोसा मारलेला नसतो. भीतीनं वजन उतरत असतं तर आमचे निम्मे पोरगे काडीपैलवान झाले असते.

आता माझं घड्याळ बॅगेत असतं. तेही काच तडकलेलं, कारण एका हूकला (बाजूनं मारायच्या ठोशाला) मनगट वळलं आणि ते माझ्याच हाताखाली चेपलं. ज्यांना पट्टा परवडतो त्यांनी छातीचा घ्या, नाहीतर दंडावर बांधायचा मिळतो तो. नसेल तर राउंड संपल्या संपल्या मानेवर बोटं, 15 सेकंद मोजा, चारनं गुणा. फुकट आहे. नव्या पोरांना हे नको असतं, कारण त्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला टाकता येत नाही.

बाकीच्या, पटापट

ॲपमध्ये वजन जुनंच ठेवणे. 78 चे 71 झालात तरी हिशेब 78 चाच चालतो. पंधरा दिवसांतून एकदा बदला.

एकच व्यायाम दोनदा मोजणे. घड्याळ आपोआप नोंदवतं आणि तुम्ही हातानंही टाकता, मग सहाशेचे बाराशे होतात.

जोर काढून आलेला पैलवान आणि कालच भरती झालेला यांना एकच आकडा लावणे. नवा पोरगा दर चार ठोशांनी थांबतो. आकडा काम करणाऱ्याचा असतो.

प्लास्टिकचं जॅकेट घालून बॅग मारणे. यावर मी भांडतो. दीड किलो उतरलं म्हणून नाचता ते पाणी आहे, घरी तांब्याभर पाणी प्यायलात की परत. किलोभर चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी, ती एका संध्याकाळी घामातून निघत नाही. मागच्या उन्हाळ्यात असंच जॅकेट घातलेला एक जण चौथ्या राउंडला बॅग धरून खाली बसला. ओठ पांढरे. पंख्याखाली नेऊन लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. अर्ध्या तासानं डोळे नीट उघडले आणि पहिला प्रश्न आला, "सर, किती जळल्या?"