पावसात कोकणात गाडी चालवताना समोरचं दिसेनासं होतं? या चुका टाळा

रात्रीचा परशुराम घाट, वर धो धो पाऊस आणि समोरून ट्रकचे दिवे. काचेवर नुसता पांढरा पडदा. पुष्कळ जण लगेच ‘काच खराब झाली’ असा निकाल देतात. थांबा. गाडी बाजूला घेऊन आतून काचेवर बोट फिरवा. रेघ उठली तर धुकं आत आहे. नाही उठली आणि वायपर फिरवल्यावर क्षणभर स्वच्छ दिसलं, तर ते बाहेर आहे. दोन्हींचे इलाज उलटे, आणि इथेच सगळा घोळ होतो.

आतलं धुकं माणसांच्या श्वासाचं, ओल्या छत्र्यांचं, भिजलेल्या पायपुसण्यांचं. एसी चालू ठेवा, वारा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. महामार्गाच्या कामाची धूळ नको म्हणून आतलीच हवा फिरवणारं बटण मे महिन्यात दाबलेलं असतं, ते जूनमध्येही तसंच राहतं! हाताने काच पुसू नका. त्वचेचं तेल लागतं आणि रात्री दिवे फाकतात.

बाहेरचं धुकं कोकणातल्या दमट हवेची खास देणगी. एसीने काच इतकी गार होते की बाहेरच्या हवेतली वाफ तिच्यावर जमते. अशा वेळी एसी आणखी वाढवणं म्हणजे दुखणं वाढवणं. काचेवरचा झोत बंद करा, तापमान वाढवा, वायपर फिरवा.

गुहागर, मालवणकडे किनाऱ्याजवळ गाडी लावली की काचेवर खारट थर बसतो, वर लाल माती. त्यावर कोरडा वायपर फिरवला की बारीक ओरखडे पडतात, ते पुसून जात नाहीत. आधी भरपूर पाणी ओता. आंब्याखाली गाडी लावत असाल तर चीक ओल्या फडक्याने भिजवून काढा, ब्लेडने खरवडू नका. उन्हाने कडक झालेलं वायपरचं रबर पावसाआधी बदला, त्यात काटकसर कसली?

डंपरच्या चाकाखालून खडी उडून टवका पडला, तर ‘बघू गणपतीनंतर’ म्हणू नका. पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. त्यामुळे ती फुटून अंगावर येत नाही, पण टवक्यात पाणी-माती शिरली की राळ (रेझिन) भरून दुरुस्ती नीट होत नाही. दुरुस्ती होईपर्यंत वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं किंवा एसीचा जोरदार झोत सोडला, तर टवक्यातून तडा धावतो. टवका चालकाच्या नजरेसमोर असेल तर दुरुस्तीतही डाग उरतो, तिथे काच बदललेलीच बरी. सर्वसमावेशक विमा असेल तर काचेवर घसारा (वस्तू जुनी झाली म्हणून भरपाईतून होणारी कपात) कापत नाहीत, याची एजंटला आठवण करून द्या.

नवी काच बसवल्यावर गोंद सुकायला किती तास लागतील ते कारागिराला विचारा, आणि तेवढा वेळ गाडी तिथेच उभी राहू द्या.