गावात बालवाडी काढताय? आधी या चुका टाळा

गावातली मंडळी बालवाडी काढायची ठरवतात आणि पहिली धावपळ सुरू होते ती खोलीची. वर्गणी निघते, पत्रे येतात, भिंतीवर ससा आणि फुलपाखरं रंगवली जातात. महिनाभरानं जाऊन पाहावं तर समोर बसलेली मुलं बरी परिस्थिती असलेल्या घरांतली. मजुरांची मुलं, ज्यांच्यासाठी हा खटाटोप मांडला, ती वस्तीवरच.

एका गावात खोली देवळामागे बांधली होती आणि मजुरांची वस्ती ओढ्यापलीकडे. वेळ ठरवली दहा ते एक. वस्तीतल्या बाया आठच्या आत खुरपायला जायच्या, मागे धाकट्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण. दहा वाजता त्या पोराला ओढा ओलांडून आणणार कोण? समितीचं उत्तर तयार होतं : "या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही." हे वाक्य ऐकलं की माझा पारा चढतो. किंमत नसती तर त्याच बायांनी पुढे रोज सकाळी पोरांची तोंडं धुऊन, केस विंचरून त्यांना बसवलं नसतं. झालं असं, की आम्ही बालवाडीच्या ताईंना घेऊन वस्तीवरच गेलो. एका आजींनी सारवलेलं अंगण दिलं. वेळ साडेसातची ठेवली, आया कामावर निघण्याआधीची. मुलं आली, मागोमाग बहिणी आल्या, त्यांच्या कडेवरची तान्हीही आली. तान्ह्यांना परत पाठवू नका. बहीण त्याला घेऊन घरी बसली की तिची शाळा बुडते आणि मधल्या भावंडाची बालवाडीही.

यात नवं काहीच नाही. बालशिक्षणाला आयुष्य वाहिलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा मुलं येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी म्हणतात ती यातूनच आली. पुढे 1957 पासून त्याच तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, तीही याच अडचणीवर तोड म्हणून. इतकं सगळं आपल्याच राज्यात करून दाखवलेलं असताना आपण पुन्हा खोलीपासूनच सुरुवात का करतो?

दुसरी चूक पाटीची. तीन वर्षांचं पोर आलं की तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात पेन्सिल. एका बालवाडीत चार वर्षांची मुलगी मला कौतुकानं दाखवली. तिनं भराभर 'अ' काढला. हा कशाचा, विचारलं तर म्हणाली, "अननसाचा." अननस कसा असतो? ती गप्प. तिनं तो कधी पाहिलाच नव्हता. मात्र बाहेर आल्यावर कुठल्या चिंचेचा आकडा गोड आणि कुठल्या झाडाला मुंगळे, हे ती न थांबता सांगत होती. तिची भाषा तिथे होती, तिथूनच धरायला हवी होती.

या वयात मनगटाची हाडं अजून भरायची असतात. मी वर्षभर पाटी बाहेरच काढत नाही. माती मळायची, चिंचोके आणि गजगे वेगळे करायचे, फुलं ओवायची, धुळीत बोटानं रेघा ओढायच्या. (तान्हं भावंड शेजारी असेल तर चिंचोके लांब ठेवा, नाकात जातात.) पालक म्हणतातच, "पोरगं नुसतं खेळतंय." त्यांना समजावत बसू नका, सुट्टीच्या दिवशी तासभर बालवाडीत आणून बसवा. सहा महिन्यांत बाराखडी हवी असलेल्या हौशी कार्यकर्त्यांना मात्र मी स्पष्ट सांगते : घाई असेल तर दुसरं काम बघा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

घरात वारली, कोरकू किंवा गोरमाटी (बंजारा) बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून "मराठीत बोल" म्हणू नका. ते गप्प बसतं आणि आपण त्याला मंद ठरवतो. त्याच वस्तीतली एखादी मुलगी मदतनीस घ्या.

तक्ते मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. पाहुण्यांच्या नव्हे.

खाऊ म्हणून बिस्किटाचा पुडा नको. घरटी मूठभर धान्य गोळा करून उसळ शिजवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुलं दसऱ्या-दिवाळीनंतर दिसत नाहीत. त्यांचं नाव हजेरीतून कापू नका. उन्हाळ्यात ती परत येतात, नेमकी तेव्हा तुमची सुट्टी असते. ती पुढे-मागे करा.

सरकारी अंगणवाडी गावात असेल तर तिच्याशी स्पर्धा मांडू नका. सेविकेला आधी भेटा. वजन-उंची, लसीकरण तिच्याकडे असतं. तिला न जमणारी वाडी तुम्ही घ्या.

आणि ताईंचं मानधन. रंगरंगोटीला पैसे निघतात आणि चौथ्या महिन्यापासून "पुढच्या आठवड्यात देतो" सुरू होतं. मग ताई खुरपायला जाते आणि बालवाडी बंद पडते. वर्षाचं मानधन बँकेत जमा झाल्याशिवाय नारळ फोडू नका. पैसे कमी पडत असतील तर पत्रे राहू द्या.