पोपटी लावताय? आधी पाल्याचं बोला

पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी पाल्यासकट मडक्यात भरायची, मडकं शेतात उपडं ठेवून भोवती आग लावायची आणि सगळं आतल्या वाफेवर शिजवायचं. गेल्या जानेवारीत अलिबागजवळ मामांच्या शेतावर आम्ही अकरा जण रात्री साडेदहाला एका केळीच्या पानाभोवती उकिडवे बसून टॉर्चच्या उजेडात कोंबडीची तंगडी तपासत होतो. सांध्यापाशी गुलाबी. वालाच्या शेंगा निम्म्या कोळसा, निम्म्या हिरव्यागार. पोरं भुकेली, मामी गप्प. मामी गप्प असतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं. सगळं सामान नेलं होतं, मडकं उत्तम होतं, आग झकास होती. पाला कमी पडला. भांबुर्ड्याचा पाला. यंदा पुन्हा लावायची आहे म्हणून हे लिहून ठेवतोय.

तर पाला. बांधावर भांबुर्डा उगवतोच, तिथे गेल्यावर काढू, असं मी म्हणालो होतो. पोचलो पावणेसातला. जानेवारीत सूर्य सव्वासहा-साडेसहाला बुडतो. टॉर्चच्या उजेडात सगळं तण सारखंच दिसतं. खरा भांबुर्डा दोन मुठी सापडला, तोही मी मडक्याच्या तळाशी घालून मोकळा झालो. तोंडाला पेंढा कोंबला. पेंढा! आग तोंडापाशी आली तसा तो भसकन पेटला, शेंगा निखाऱ्यात सांडल्या आणि कोंडलेली वाफ गेली.

पोपटीत पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगातलं जे पाणी, त्याचीच वाफ. मडकं उपडं ठेवायचं कारणही तेच: वाफ हवेपेक्षा हलकी, ती वर बुडाशी साचते. बाहेर पडायला तिला एकच वाट, खालचं तोंड. तिथे ओला, हिरवा पाला दाबून बसवलेला असला की तो सहजी पेटत नाही, कारण आधी त्याच्या अंगातलं पाणी जावं लागतं. वाळक्या पेंढ्यात पाणी कुठून येणार?

म्हणून पाला दिवसाउजेडी काढा. दुपारी चारला. चुरगाळून वास घ्या: कापराकडे झुकणारा उग्र वास आला आणि पानावर बारीक लव असली तर तो भांबुर्डा. शंका असेल ते झुडूप सोडा, अंधारात ओळख न पटलेला पाला जेवणात घालू नका. ओळखणारं कुणी गावातलं बरोबर असेल तर उत्तम. एका मडक्याला निदान अर्धी गोणी, दाबून भरलेली. जास्त वाटेल, वाटू द्या. आणि घरातून निघायच्या आधीच त्यातली एक चांगली जाड जुडी वेगळी बांधा, ती तोंडाची. तिला तळासाठी, थरांसाठी, बसायला, कशालाही हात लावायचा नाही.

मडकं मध्यम, रुंद तोंडाचं, वापरातलं असलं तर बरं. बोटाने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे, आगीत दुभंगेल. मीठ जाडं. ओवा. केळीची पानं. काडेपेटी, पाणी, टॉर्च, हे सांगायला नको.

शेंगा गावठी वालाच्या, दाणा भरलेल्या. कोवळ्या घेतल्या तर शिजून नुसती सालं उरतात, निबर घेतल्या तर चावत बसा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा काळ. सोलायच्या नाहीत, शिराही काढायच्या नाहीत. अळीच्या बाजूला काढा, धुवा, निथळू द्या. सहा-सात माणसांना दोन किलो. बटाटे लहान, चीर देऊन आत थोडं वाटण. रताळी, छोटी वांगी हौसेप्रमाणे. अंडी कच्चीच, कवचासकट, मध्यावर. तडकतील एखाददोन, तडकू देत.

कोंबडीचे तुकडे छोटे करा. मोठी तंगडी अख्खी घालायचा शहाणपणा आम्ही केला होता, त्याचं फळ वर लिहिलंच आहे. आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ, लिंबू लावून सकाळीच फ्रीजमध्ये ठेवायची आणि निघताना काढायची. केळीच्या पानात घट्ट पुडी, वर सुती दोरा. प्लॅस्टिकची सुतळी वितळते आणि तिचा वास सगळ्या मडक्याला लागतो. शाकाहारी कुणी येणार असेल तर दुसरं मडकं. "एका बाजूला ठेवू" हे मान्य करू नका. मडकं उपडं असतं, कोंबडीचा रस खाली गळतो आणि खाली जे असेल त्याला लागतोच. दुसरं मडकं म्हणजे दुसरा अर्धी गोणी पाला, हेही आलंच.

भरताना तळाला पाला, कडेनेही पाला चढवत न्यायचा, म्हणजे शेंगा थेट तापलेल्या मातीला टेकत नाहीत. मग शेंगांचा थर, त्यावर मीठ-ओवा, बटाटे, पुन्हा शेंगा, मध्यावर पुड्या आणि अंडी, पुन्हा शेंगा, पुन्हा मीठ. मीठ प्रत्येक थराला, एकदा तोंड बंद झालं की ते आत घालता येत नाही. दोन किलोला सगळं मिळून मूठ-दीड मूठ. गच्च ठासू नका, वाफेला फिरायला जागा हवी. वर चार बोटं मोकळी सोडा आणि आता ती वेगळी बांधलेली जुडी आणा. आणलीत ना? तीच. कोंबा, अजून कोंबा, मडकं हातात उलटं धरून हलवा. एक जरी शेंग खाली आली तर पाला कमी आहे.

जागा भाताच्या मोकळ्या खाचरात घ्या. वाल पेरलेल्या शेतात नाही, शेतकऱ्याचं पुढचं पीक आहे ते. पेंढ्याची गंजी जवळ नको, आणि वारा गंजीच्या दिशेने असेल तर लांबसुद्धा नको. मडकं उपडं ठेवा, तोंडाचा पाला जमिनीला दाबून बसला पाहिजे. भोवती गोवऱ्या, काटक्या, वर झावळ्या आणि पेंढा. पेंढ्याची जागा इथे, बाहेर. टायर, प्लॅस्टिक टाकणाऱ्याला घरी पाठवा. सगळं सरपण एकदम टाकून मोठ्ठा जाळ करायची हौस पोरांना असते. तो जाळ फोटोपुरता असतो. चारी बाजूंनी सारखी आग टिकली पाहिजे, नाहीतर एक बाजू कोळसा.

नुसती भाजी-शेंगांची पोपटी अर्ध्या-पाऊण तासात होते, कोंबडी असेल तर पाऊण ते एक तास धरा. बुडावर पाण्याचा शिपका मारायचा. चर्र होऊन पाणी क्षणात उडालं आणि भाजल्या वालाचा वास सुटला की आग बाजूला ओढायची. मधे उघडून बघायचं नाही. एकदा तोंड मोकळं झालं की संपलं. आम्ही उघडून बघितलं, मग पुन्हा बंद करायला पाला नव्हता. पाला नव्हता, हे मी किती वेळा लिहिणार आहे कोण जाणे. शेवटी कोंबडी मामींनी घरी आणून कुकरला लावली, जेवलो साडेअकराला.

घरी करायची असेल तर जाड बुडाचं पातेलं किंवा शिट्टी काढलेला कुकर. इथे पाणी लागतंच, कोरडा कुकर तापवला तर सेफ्टी व्हॉल्व्ह जातो. तळाला दोन वाट्या पाणी, वर जाळी, जाळीवर पाला किंवा केळीचं पान, मग बाकी तसंच. शिट्टी लावली तर आत सुमारे १२० अंश होतात आणि शेंगांचा गाळ होतो. नुसत्या १०० अंशांच्या वाफेवर अर्ध्या तासाने बघा, कोंबडीला जास्त. पाला आणि पान झाकणापासून खाली ठेवा. वाफेच्या भोकात पान अडकलं तर आत दाब साचतो, ते फार धोक्याचं. धुराचा वास येणार नाही, पण डिसेंबरात फ्लॅटमध्ये बसून एवढं पुरे.

मडकं काढायला ओलं गोणपाट, दोन माणसं, आणि पोरं लांब. केळीच्या पानांवर ओतायचं. तोंड उघडताना चेहरा मागे. कोंबडी आधी सांध्यापाशी बघायची, गुलाबी असेल तर वाढायची नाही. निखाऱ्यांवर भरपूर पाणी, राख ढवळून पुन्हा पाणी. कचरा परत. गोणी धुऊन वाळवून ठेवा, पुढच्या वेळी पाल्याला लागेल.