कार्डांच्या ऑनलाइन लिलावात बोली लावताय? या चुका टाळा

ईबे या ऑनलाइन बाजारात 1999 सालचं पोकेमॉनचं चारिझार्ड कार्ड किंवा एखादं जुनं बेसबॉल कार्ड, म्हणजे संग्राहक जमवतात तसलं कार्ड, दिसलं, की नवखा माणूस पहिल्याच दिवशी बोली लावून टाकतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ती का महागात पडते, हे कळायला ईबेची बोली कशी चालते ते समजून घ्यायला हवं.

तुम्ही 100 डॉलरची कमाल बोली लावली, तरी ती लगेच पूर्ण दिसत नाही. समोरचा 41 वर थांबला असेल तर तुमच्या नावावर 42 दिसतात. तो वाढला की ईबे तुमच्या वतीनं जेमतेम एक पायरी वर चढतं. समोर खरा गिऱ्हाईक असेल तर ही सोय उत्तमच. पण विक्रेत्याचाच माणूस दुसऱ्या खात्यावरून घुसला तर? तो 50, 60, 75, 90 असा चढत जातो, आणि दर वेळी ईबे तुमच्या खिशातून त्याला उत्तर देतं. 95 वर तो थांबतो. 42 ला मिळणारं कार्ड तुम्ही 96 ला घेता. यालाच शिल बिडिंग म्हणतात, म्हणजे बोगस बोली.

याचा आणखी वाईट प्रकार आहे. तो माणूस एकदम 500 ची बोली लावतो. किंमत शंभराच्या किंचित वर जाऊन थांबते आणि तुमची मर्यादा त्याला कळते. मग ‘आकडा चुकला’ असं कारण देऊन तो बोली मागे घेतो आणि दुसऱ्या खात्यावरून 99 लावतो. लिलाव संपायला 12 तासांहून जास्त वेळ असेल तर बोली अशी मागे घेता येते. शेवटच्या 12 तासांत लावलेली बोली मात्र फक्त तासाभरात मागे घेता येते.

म्हणून कमाल आकडा आधी कागदावर लिहा आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदाच टाका. ईबेला हे चालतं. तुमची मर्यादा चाचपायला बोगस बोलीवाल्याला मग वेळच उरत नाही. भारतातून बोली लावणाऱ्यांनी घड्याळ नीट बघावं. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियातले रविवार संध्याकाळचे 7 म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी उन्हाळ्यात साडेसात, हिवाळ्यात साडेआठ.

आकडा ठरवताना चालू जाहिरातींतल्या किमती बघू नका, विकल्या गेलेल्या कार्डांच्या बघा. त्याही त्याच ग्रेडच्या, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून दिलेल्या गुणांच्या, कारण पीएसए या तपासणी कंपनीचे 9 गुण आणि 10 गुण यांच्या भावात मोठी तफावत असते. शिवाय काही मोठ्या लिलावगृहांत शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ वाढते. तिथे सेकंद मोजून उपयोग नाही, ठरवलेल्या आकड्यावर थांबणं एवढंच हातात असतं. खरेदीदाराकडून वर 20 टक्के आकारणी असेल तर 500 ची बोली 600 ला पडते, हेही त्याच आकड्यात धरा.

आता संशय कसा तपासायचा. बोलींच्या यादीत नावं झाकलेली असतात, पण त्या बोलीदाराच्या गेल्या 30 दिवसांतल्या किती टक्के बोली याच विक्रेत्याच्या मालावर होत्या आणि त्यानं किती मागे घेतल्या, हे दिसतं. फीडबॅक, म्हणजे आधीच्या व्यवहारांवरचे अभिप्राय, शून्य आहेत एवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका, नवा संग्राहकही शून्यापासूनच सुरू करतो. तीन खुणा एकत्र दिसल्या तर सावध व्हा: एकाच विक्रेत्याकडे बोली, मागे घेण्याची सवय, आणि जिंकायच्या आधी बरोबर थांबणं.

हरल्यावर ‘सेकंड चान्स ऑफर’ आली, म्हणजे विक्रेत्यानं तेच कार्ड तुम्हाला देऊ केलं, तर हुरळून जाऊ नका. मी एका लिलावात हरलो आणि दोन दिवसांनी तेच कार्ड माझ्याच कमाल आकड्याला देऊ केलं गेलं. यादी उघडली तर जिंकणारा जवळजवळ फक्त त्याच विक्रेत्याच्या मालावर बोली लावत होता. मी नकार दिला आणि ईबेला कळवलं. खरा विजेता पैसे न देता पळाला, असंही कधी होतं. तशा वेळी त्याची बोली वगळून जो भाव उरतो, तोच आपण सांगावा.

मोठ्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवणं हीसुद्धा चूकच. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या मास्ट्रो ऑक्शन्स या लिलावगृहाचा या धंद्यात दबदबा होता. त्याचा प्रमुख बिल मास्ट्रो यानं 2013 मध्ये गुन्हा कबूल केला. त्यात बोगस बोल्या होत्याच, शिवाय बेसबॉलपटू होनस वॅगनरच्या जगप्रसिद्ध कार्डाच्या कडा कापल्याचीही कबुली होती. 2015 मध्ये त्याला 20 महिन्यांची कैद झाली.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. आपल्या 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 64 नुसार, विक्रेत्यानं न सांगता स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावली तर खरेदीदार ती विक्री फसवणुकीची मानू शकतो. अमेरिकेच्या व्यापार संहितेत आणखी एक वाट आहे: सौदा मोडा, किंवा शेवटच्या प्रामाणिक बोलीच्या किमतीला माल घ्या. म्हणून लिलाव संपताच बोलींच्या पूर्ण यादीचा स्क्रीनशॉट काढा, आणि तक्रारीत ‘फसवलं’ एवढंच न लिहिता ती शेवटची प्रामाणिक बोली किती डॉलरची होती, तो आकडा लिहा.