नदीच्या गाळातील पोषणद्रव्यांची तपासणी कशी करावी

नदीचे सुपोषण, म्हणजे पोषणद्रव्ये वाढून शैवाल माजण्याची स्थिती, मोजण्यासाठी बहुधा निवळ पाण्याचा एखादा नमुना घेतला जातो आणि अंदाज तिथेच चुकतो. कारण स्फुरदाचा (फॉस्फरसचा) मोठा हिस्सा पाण्यात विरघळलेला नसून चिकणमाती व पोयट्याच्या बारीक कणांना, विशेषतः त्यांच्यावरील लोहाच्या ऑक्साइडांना, चिकटून वाहत असतो. नायट्रेटचे, म्हणजे नत्राच्या संयुगाचे, तसे नाही, ते विरघळूनच जाते.

म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या भराव्यात. एकीतले पाणी एकूण स्फुरदासाठी न गाळता ठेवावे. दुसरीसाठी, म्हणजे विरघळलेल्या स्फुरदासाठी, ते ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून नदीकाठीच गाळून घ्यावे. गाळण्याचे काम प्रयोगशाळेवर सोडू नये, कारण बाटलीतही कण स्फुरद शोषत किंवा सोडत राहतात. फॉस्फेट असलेल्या डिटर्जंटने बाटल्या धुवू नयेत आणि नमुने बर्फाच्या पेटीत अंधारात न्यावेत. तरंगत्या गाळासाठी मोजून घेतलेले पाणी, आधी वजन केलेल्या काचतंतूच्या गाळणकागदातून गाळून, तो कागद १०३ ते १०५ अंश सेल्सिअसला वाळवून पुन्हा तोलावा.

वेळेची निवड उपकरणांइतकीच महत्त्वाची आहे. वर्षभरातील बराचसा गाळ मोजक्या पुरांत वाहून जातो आणि पाणी चढत असताना तो पुष्कळदा अधिक असतो. तेव्हा महिन्याच्या ठरलेल्या तारखेला घेतलेले नमुने कितीही नेमाने घेतले तरी अपुरेच पडतात. मात्र पुरात पात्रात उतरू नये, पुलावरून बादली सोडावी.

पाणी ओसरल्यावर तळाकडे वळावे. संथ डोहात पारदर्शक नळी गाळात उभी दाबून, वरचे तोंड बंद करून ती सावकाश उपसावी. वरचा थर तपकिरी असेल तर तिथे ऑक्सिजन पोहोचतो आणि लोह स्फुरदाला धरून ठेवते. पृष्ठभागापर्यंत काळा गाळ व सडक्या अंड्यांचा वास असेल, तर ऑक्सिजन संपलेला असतो. अशा वेळी लोहाचे क्षपण होऊन, म्हणजे त्याचे ऑक्साइड विरघळून, बांधलेला स्फुरद वरच्या पाण्यात सुटू शकतो आणि शैवालाला आयता मिळतो. याच थरात जिवाणू नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर करून ते कमीही करतात, म्हणजे गाळ सर्वस्वी अपायकारकच असतो असे नाही.

तळ स्फुरद सोडत असल्यास सांडपाणी थांबवूनही पाणी लगेच सुधारत नाही. गाळ उपसण्याचा निर्णय मात्र घाईने घेऊ नये; उपसताना ढवळलेले बारीक कण तोच स्फुरद खालच्या टप्प्यात नेतात.